दारापासून सतरा पावलं

तार आली तेव्हा मी वर्गाच्या दारातच उभा होतो. दाजी असते तर तारेत काय आहे हे विचारण्याआधी त्यांनी "दारात काय करत होतास?" हे विचारलं असतं. संध्याकाळची साडेसहाची वेळ. आत अकरा मोठी माणसं पंपांच्या जळक्या मोटारींतल्या तारा उपसत बसलेली, आणि मी, त्यांचा निदेशक, एक पाय उंबऱ्यात नि एक पाय बाहेर ठेवून समोरच्या टपरीवरचा चहा उकळला का ते बघत होतो. ऑफिसातला शिपाई कागद घेऊन आला. भाच्यानं सांगलीहून तार केली होती. दाजी गेले, लगेच निघा. मी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली... आणि कुणाला काही न सांगता चालू लागलो. निघणं फार सोपं होतं. दार हाताशीच होतं. सातारा स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं की आतल्या अकरा जणांना वाटत असणार, मास्तर चहाला गेलेत, येतील.

शंकरराव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, आमचे दाजी. त्यांची माझी शेवटची भेट त्याआधी अकरा दिवसांची. छातीच्या दुखण्यानं ते वर्षभर सांगलीच्या घरी अंथरुणाला खिळले होते. कॉट खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात आणि येणाऱ्यासाठी एक लाकडी खुर्ची, ती मात्र दाराला चिकटून. एवढ्या अंतरावरून बोलताना त्यांना धाप लागायची, म्हणून मी खुर्ची उचलून जवळ न्यायला लागलो, तर अक्का म्हणाली, "राहू दे बाबा. कुणालाच जवळ आणू देत नाहीत. आलेल्याला कधीपण उठता यायला पाहिजे म्हणतात." दाजी हसले. "आता मी फळ्याच्या भिंतीला," म्हणाले. मग पुष्कळ वेळ नुसता श्वास घेत राहिले आणि त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "माझी फेरी तू घेशील का?" सातारा-सांगलीकडे आमच्या संस्थेचे प्रौढांसाठी सात तांत्रिक वर्ग होते. त्या सातही ठिकाणी एसटीनं फिरून, आमच्यासारख्या निदेशकांना मोठ्या माणसांना कसं शिकवायचं हे शिकवणं, ही दाजींची फेरी. आपल्यामागं कोण, हे संस्थेनं त्यांनाच सुचवायला सांगितलं होतं. दुसरा प्रश्न अगदी सहज विचारला. "फळा कुठं आहे रे?"

मी म्हणालो, "आहे तिथंच." हे खोटं होतं. फेरीबद्दल म्हणालो, "विचार करून सांगतो." तेही खोटंच, कारण विचार करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मला त्या कामातून सुटायचं होतं, आणि ते सात ठिकाणी करायला सांगत होते. मग इस्लामपूरवरून जाणारी गाडी चुकेल असं काहीतरी पुटपुटत उठलो. तिथंही दार हाताशीच होतं. "ये जाऊन," म्हणाले. माझं उत्तर माझ्याकडेच राहिलं, आणि आता ते द्यायला माणूस नाही.

मी या कामात पडलो तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दुष्काळ पडायच्या आदल्या साली. पडलो हाच शब्द बरोबर. त्याआधी सांगलीत एका दुकानात मोटारी भरायचो. पंपाची मोटार जळली की आतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. तोंड न उघडता करायचं काम, त्यामुळे माझ्या फार आवडीचं. नदीकाठानं पंप वाढले, मोटारी जळायला लागल्या आणि त्या भरणारी माणसं कमी पडायला लागली, तेव्हा संस्थेनं साताऱ्यात संध्याकाळचा वर्ग काढला आणि दाजींनी मला न विचारता माझं नाव घातलं. माझी बायको म्हणाली, "घरात चार वाक्यं सलग बोलत नाही, तिथं काय बोलणार?" तिचं खरं होतं. पहिल्या आठवड्यात मी जे बोलायचो ते सगळं टेबलावरच्या मोटारीच्या स्टेटरला उद्देशून असायचं. पण नोकरी सोडायची सोय नव्हती. आपला वरिष्ठ आपल्या बहिणीचा नवरा असला की राजीनामा दोन ठिकाणी द्यावा लागतो, एक ऑफिसात आणि एक बहिणीच्या स्वयंपाकघरात. ऑफिसातला मंजूर झाला असता.

वर्गाची जागा म्हणजे एक जुनं गुळाचं गोदाम. लांबट, अरुंद, एका अंगाला उंचावर खिडक्या आणि अख्ख्या इमारतीला एकच दार. उन्हाळ्यात फरशीच्या फटींतून अजून गुळाचा वास यायचा आणि मुंगळे शिकायला यायचे. फळा दाराशेजारच्या भिंतीवर, त्याखाली माझं टेबल. पुढं बाकांवर पलटणीतून निवृत्त झालेले, ऊसवाले शेतकरी, कोयनानगरचं काम संपल्यावर परतलेले मजूर, आणि माण तालुक्याकडचे एक गृहस्थ, ज्यांनी अर्धी मेंढरं विकून विहिरीवर पंप बसवला होता. निम्मे माझ्यापेक्षा वयानं मोठे. आपण घाबरलोय हे या सगळ्यांनी ओळखलंय, असं मला वाटायचं. ते माझ्याहून जास्त घाबरलेले आहेत हे कळायला दोन महिने आणि एक मोठी चूक लागली.

त्यात मेढ्याकडचे दोघे होते. एक निवृत्त हवालदार, दुसऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे. दोघे एकाच गाडीनं येत, पण एका बाकावर कधी बसत नसत. भांडण असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही. तात्यांचा हात फार चांगला होता. हवालदारांच्या कॉइलमध्ये मात्र काहीतरी चुकायचंच. विद्यार्थ्यांना एकमेकांकडून शिकू द्यावं, असं मी नुकतंच संस्थेच्या एका पत्रकात वाचलं होतं, आणि अंगात आल्यासारखा म्हणालो, "तात्या, इकडं या. हवालदारांची चूक काढून दाखवा सगळ्यांना."

बाकांवर चाललेले हात थांबले. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर."

"लाजताय काय?"

"आमच्यानं व्हायचं न्हाई ते."

मला वाटलं, माणूस विनयशील आहे. मी त्यांना हात धरून पुढं आणलं, हातात पक्कड दिली आणि वर विनोद केला, "नवऱ्या मुलीसारखं काय करताय, तोडा ती तार." तात्यांनी डोळे खाली घालून एकच तार तोडली. त्या वर्गात तेवढा मोठा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. हवालदार उभे राहिले. त्यांना बाहेर जायचं होतं. पण दार माझ्या पाठीशी होतं, आणि माझ्या नि टेबलाच्या मधून अंग चोरून गेल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि खाली बसले. पुढचा पाऊण तास ते ताठ, समोर बघत बसून होते. दुसऱ्या दिवसापासून दोघेही आले नाहीत.

आठवडाभरानं माण तालुक्याकडच्या त्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "आवं मास्तर, ते दोघं व्याही हायती. तात्यांची लेक हवालदाराच्या घरात दिलीया. पोरीच्या बापानं व्याह्याची चूक काढायची, ती बी चारचौघांत? आन् तुमी पक्कड दिली हातात. पंचमीला पोरगी म्हायेराला आली न्हाई, ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मला तारेचे वेढे मोजता येत होते, तेवढंच ठाऊक होतं. त्या रात्री जेवलो नाही आणि दाजींना पत्र लिहिलं, सोबत राजीनामा. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. हातात नेहमीची कापडी पिशवी, अंगात कॉलर उसवलेला पांढरा शर्ट. रागावले नाहीत. राजीनामा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "खिशात असू दे. मेढ्याला जाऊन येऊ, मग बघू." गाडीत सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर एकच बोलले, "मेव्हणं, मोठ्या माणसांच्या वर्गात आधी नाती विचारायची. मग नावं."

हवालदारांच्या घरी दाजींनी वर्गाचा विषयच काढला नाही. भाताविषयी बोलले, पलटणीविषयी बोलले. मला त्यांनी आत, भाताची कणगी आणि भिंत यांच्यामध्ये घोंगडीवर बसवलं होतं. सुनेनं चहा आणला, खाली मान घालून ठेवला नि गेली. मला तिच्याकडे बघवेना. चहा संपल्यावर दाजी म्हणाले, "हवालदार, आमच्या या मेव्हण्याला साधी गाठ मारता येत नाही. पलटणीत शिकवतात ना?" हवालदारांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून दोरी आणली, एकदा गाठ मारून दाखवली आणि दोरी माझ्या हातात दिली.

मला ती जमली नाही. दुसऱ्यांदा नाही, पाचव्यांदा नाही. साहेब आल्याचं कळून शेजारी गोळा झाले होते, दार माणसांनी भरलं होतं. त्यातला एक म्हणाला, "मास्तराला म्हसरू बी बांधता यायचं न्हाई गड्या," आणि सगळे हसले. आत कणगी, मागं भिंत, पुढं दारात हसणारी माणसं... मला तिथून उठून पळायचं होतं आणि उठायला वाट नव्हती. चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप मी, आणि डोळ्यांत पाणी आलं. दाजींना ते दिसलं असणार, पण ते कपातला गाळ बघत राहिले. बोलले ते हवालदार. दाराकडं वळून म्हणाले, "जावा रं, कामंधामं न्हाईत व्हय?" दार मोकळं झालं. मग ते स्वतः उठले, दारापाशी गेले, माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता मारा मास्तर. मी बगत न्हाई."

गाठ बसली.

तेव्हा कुठं माझ्या तोंडातून निघालं की माझी चूक झाली. हवालदार वळले नाहीत. "चूक तारंची व्हती. चार वेढं कमी पडलं व्हतं. मागनं मोजलं मी घरी." आम्ही निघालो तेव्हा ते आतल्या अंगाला आवाज देऊन म्हणाले, "पोरी, गौरीला जानार न्हवं? बापाला सांगावा धाड न्यायला ये म्हनून." पदराआड ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. दाजींनी मात्र चपला घालायला नेहमीपेक्षा फार वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडली, दगडानं ठोकून समोरच्या टोकाच्या भिंतीत दोन मोठे खिळे मारले आणि फळा तिकडं नेला. बाकं उलटी फिरवली. आता दार विद्यार्थ्यांच्या पाठीशी आणि निदेशक पार आत, दारापासून सतरा पावलांवर. मी मोजली आहेत, पुढं रोज मोजत होतो. म्हणाले, "मोठं माणूस आहे. त्याला घर आहे, मान आहे. त्याला वाटेल तेव्हा, कुणाच्या अंगाला न घासता उठून जाता आलं पाहिजे. जाता येतंय म्हटल्यावर तो बसतो. कुणी अडकायचंच असेल तर पगार घेणाऱ्यानं अडकावं." राजीनाम्याचं मी विचारलं नाही, त्यांनीही नाही. हवालदार आले ते शेवटच्या बाकावर, दाराच्या अगदी कडेला बसले. चार दिवसांनी तात्या आले आणि आले तसे दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसले. मी दोघांनाही काही विचारलं नाही. तेवढं शिकलो होतो.

पुढची पाच-सहा वर्षं दाजी महिन्यातून एकदा यायचे. त्यांची तपासणी कसली, तर शेवटच्या बाकावर बसून मुकाट्यानं मोटार भरायची. आणि तास रंगात आला की मध्येच उठून, काही न बोलता बाहेर निघून जायचं. निदेशक फळ्यावरचं पुसून तेच पुन्हा लिहायला लागायचा. शिरवळच्या नव्या पोरसवदा निदेशकानं तर तास थांबवून त्यांच्यामागं धाव घेतली होती. "साहेब, काय चुकलं?" दाजी टपरीवर चहा पीत होते. "काही नाही. मी मोकळा आहे का ते बघत होतो." हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, कराडच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना. तरुणपणी ते स्वतः वर्ग घ्यायचे आणि लोक मध्येच उठून जातात म्हणून आतून कडी लावायचे. एक लेथवर काम करणारा माणूस होता, वयानं त्यांच्या वडिलांएवढा. त्याला लघवीला जायचं होतं. पोरासारख्या मास्तराला विचारायची त्याला लाज वाटली. तो बसून राहिला... आणि मग सगळ्यांच्या देखत जे व्हायचं ते झालं. "परत आला नाही तो. मी त्याचं घर शोधलं, पण सापडलं नाही." एवढं बोलून दाजी उठले आणि उगीचच चौकशीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आता माझं. आणीबाणी उठली त्या साली दाजींची तब्येत ढासळली आणि फेरी बंद पडली. त्याच सुमाराला एका संध्याकाळी जमिनीला धक्का बसला. कोयनेच्या बाजूला असे धक्के येतातच, फळ्यावरचा खडूसुद्धा पडला नाही. विद्यार्थी दोन क्षणांत बाहेर, आणि सतरा पावलं आत मी, टेबलाला धरून उभा. मला हाताला धरून बाहेर आणावं लागलं. पुढच्याच रविवारी मी फळा काढून पुन्हा दाराशेजारी लावला आणि सगळ्यांना सांगितलं, भूकंपाची भीती. खरं कारण भूकंप नव्हतं. मला त्या टोकाला उभं राहून माणसांच्या ओळींपलीकडचं दार बघवत नव्हतं. वयाच्या चाळिशीत रोज संध्याकाळी वाटायचं की मी या गोदामातून आता बाहेर पडत नाही. दार जवळ आल्यावर मला बरं वाटायला लागलं. चहा वाढला. वर्गातली माणसं सव्वीसची अठरा झाली, मग अकरा. मी ते साखर कारखान्याच्या हंगामावर ढकललं. हंगाम संपला तेव्हा लग्नसराईवर.

तेराव्यानंतर परत आलो. तास सुरू करायच्या आधी हवालदार आले. आता त्यांचं मेढ्यात स्वतःचं मोटार भरायचं दुकान आहे आणि केस पार पांढरे झालेत. दाजींचं कळलं म्हणून मुद्दाम आले होते. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मोठं साहेब हितं येऊन गेलतं, ठावं न्हाई न्हवं तुमास्नी?"

"कधी?"

"दोन सालं झाली असत्याल. दवाखान्यात दाखवायला आलं व्हतं साताऱ्याला. स्टँडवर मला गाठ पडलं. म्हनले, चला हवालदार, मास्तरांचा तास बघू. लय दम लागलावता त्यास्नी. हितं खिडकीखाली दगडावर चढून हुबं ऱ्हायलो दोघं. तुमी दारात चा पीत हुता."

मी दाराशेजारच्या फळ्याकडे पाहिलं.

"फळा बी बघितला त्यांनी. मी म्हनलं, आत जाऊया का? तर न्हाई म्हनले. माजाच शबुद मला परत दिला. म्हनले, आपुन बगत असलो की त्याला जमायचं न्हाई." हवालदार टोपीकडे बघत म्हणाले, "सांगू नका म्हनलेवते. आता सांगितलं."

म्हणजे दाराशी खुर्चीत बसून मी "आहे तिथंच" म्हणालो तेव्हा त्यांना माहीत होतं. फळा कुठं आहे हे माहीत असताना त्यांनी आधी फेरीचं विचारलं होतं, आणि मग "ये जाऊन" म्हणून मला जाऊ दिलं होतं.

अकरा जण येऊन बसले होते. मी म्हणालो, "जरा हात लावता का?" चौघांनी फळा उचलला. समोरच्या भिंतीत आता खिळे नव्यानं ठोकावे लागणार, म्हणून मी दगड शोधायला लागलो, तर मागून हवालदार म्हणाले, "खिळं हायत की. काढलंत कवा कुनी?" खरंच होते. गंजलेले, पण होते. बाकं फिरवताना फरशीतून मुंगळे निघाले.

"आता फेरीला कोन?" हवालदारांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. फळा खिळ्यावर बसवत होतो, त्यामुळे तोंड भिंतीकडे होतं. बरं झालं.

मग मी वळलो. सतरा पावलांवर दार होतं, मध्ये अकरा माणसं. हवालदार बाकावर बसले नाहीत. ते चालत दारापर्यंत गेले आणि टोपी घालून, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत उभे राहिले.